कलम नऊ

आल्प्समधल्या त्या गावाचं बजेट
शाळेच्या व्यायामशाळेत मंजूर होतं,
बास्केटबॉलच्या कड्याखाली,
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी.
ओल्या बुटांचा वास. एकशे बारा माणसं.

मेंगिया काथोमास पहिल्या रांगेत बसते.
सत्तावीस वर्षांपूर्वी कलम नऊ तिनंच लिहिलं:
खर्च उत्पन्नाच्या पुढे धावणार नाही.
तेव्हा गावानं ऋण काढून बर्फाचा सण मांडला होता,
डोंगरावर स्की-लिफ्ट,
आणि लागोपाठ तीन हिवाळे बर्फच पडला नाही.
लोखंडी खांब अजून उभे आहेत उतारावर,
गाई त्यांना पाठ घासतात.

चीज कापायच्या फळीवर कागद ठेवून
तिनं ते वाक्य लिहिलं,
आणि त्यात एकही ‘परंतु’ ठेवला नाही.
‘परंतु’च्या फटीतूनच उंदीर शिरतो, म्हणाली होती.

आज खजिनदार फ्लुरिन उभा राहतो,
तिशीतला, कानापर्यंत लाल.
लाकडाचा भाव पडला,
वीजकंपनीकडून येणारं पाणीभाडं तेवढंच,
म्हणून संध्याकाळची बस
जानेवारीपासून बंद.
कलम नऊ, तो म्हणतो,
आणि पहिल्या रांगेकडे बघत नाही.

त्या बसमध्ये बहुधा एकच प्रवासी असतो.
मेंगिया.
खाली दरीतल्या दवाखान्यात तिचा नवरा आहे.
तिचं नाव आता त्याला आठवत नाही,
सात वाजता कोणीतरी येतं, एवढं आठवतं.

मागून गिएरी सुतार ओरडतो,
एक अपवाद करा की!
एका बसनं गाव बुडत नाही!
टाळ्या. कोणीतरी बाकावर बूट आपटतं.

मेंगिया उठते. गुडघ्यांना वेळ लागतो.
‘लिफ्टसुद्धा एकच होती,’
म्हणते, आणि बसते.

अपवादाच्या बाजूनं एक्केचाळीस.
विरुद्ध सत्तर.
फ्लुरिननं दोनदा मोजलं,
एक हात कमीच येत होता.
कोणाचा, ते कोणी विचारलं नाही.

बाहेर साडेआठ वाजलेले.
आज सात वाजता कोणीच गेलं नव्हतं.
वळणावरून रिकामी बस वर येत होती,
आतले सगळे दिवे लावून.
रस्त्याकडेला मेंगियानं हात वर केला,
थांब म्हणून, की जा म्हणून,
चालकाला कळलं नाही.

त्यानं ब्रेक दाबला.