दिवे लावले की टाकी भरते

माझ्या दोनशेसातचा काटा
दिवसा पाव टाकी सांगायचा,
दिवे लावले की अर्धी.
ब्रेक दाबला की इंजिन तापायचं, काट्यापुरतं.
बोनेटवर हात ठेवा: कोमट.

दोन वर्षं टाकीत कळकाची काठी बुडवून,
तिच्यावरच्या खिळ्याच्या खुणा बघून
पहाटे तीनला बर्फ भरायचो,
शिवडीहून भाऊच्या धक्क्यावर.

एकदा काठी घरी राहिली.
रे रोडच्या पुलावर गाडी बसली,
मागे चाळीस लाद्या
आणि काटा अर्ध्यावर, निर्लज्ज.
धक्क्यावर तुळसाबाय म्हणाली,
बर्फ आणलास की बर्फाचं पाणी?

कुर्ल्यात एकाने फ्लोट बदलला, नऊशे.
दुसऱ्याने अख्खा मीटर, भंगारातला पण ‘ओरिजनल’.
त्यात कुणा परक्याचे किलोमीटर;
गाडी एका दुपारी दोन लाखांनी तरुण झाली,
काट्याची खोड तीच.

मग दारूखान्यात इलियास वायरमन.
त्याने मीटरला हातच लावला नाही.
दिवे लाव, म्हणाला. बंद कर. लाव.
आणि कानामागची विडी काढत:
अर्थ नाय भेटत हिला.
मी म्हटलं, हे तर बायको रोज सांगते.

बॅटरीच्या मायनसवरून त्याने एक वायर ओढली,
डॅशबोर्डखाली उताणा शिरून पत्र्याला टेकवली.
काटा खाली आला.
उचलली, चढला.
टेकवली,
आला.

करंट आत येतो, काम करतो,
त्याला परतीची वाट नको?
वाट बुजली की घुसतो दुसऱ्याच्या घरातून.
बोल्ट दाखवला: हिरवा, फुगलेला.
धक्क्यावरची खारी, ओली गोणपाटं
मीच टाकत आलो होतो तिथे, पायाशी.

पॉलिश पेपर, नवा वॉशर, बोटभर ग्रीस.
साठ रुपये.
वेगाचा काटाही मेलाय, म्हटलं.
धक्क्याच्या रस्त्याला तुला वेग कुठला,
म्हणाला, आणि पुढच्या टेम्पोकडे वळला.

काठी अजून सीटमागे आहे.
आज डिझेलला पैसे कमी होते.
शिवडीच्या सिग्नलला, भर दुपारी,
कुणी बघत नाही असं बघून
दिवे लावले.

काटा हलला नाही.