दहा सह्या

अर्जाची सुरुवातच अशी असते आमच्याकडे :
मेहेरबान साहेबांचे सेवेशी.
कचेरीतला कारकून हसला,
म्हणाला, इथे तर अर्जदारच मेहेरबान.

मेहेरबान गुश्तास्प इराणी. वय एकसष्ट.
पक्षाच्या रकान्यात सरांनी आडवी रेघ मारली,
पट्टी लावून,
फळ्यावर पाण्याची पातळी दाखवताना मारायचे तशी.

अपक्षाला दहा सूचक लागतात. मी दहावा.
दहाही एकाच गल्लीतले, नाग नदीच्या काठचे,
जिला गल्ली काय, अख्खं नागपूर नाला म्हणतं.
सर म्हणायचे, नदी म्हणा.
आधी तोंडानं साफ करा तिला.

आजोबा त्यांचे यज्दचे,
वाळूखाली बोगदे खणून डोंगराचं पाणी गावात आणणारे.
बाप सदरमध्ये पाव भाजायचा.
हे स्वतः बावीस वर्षं ओहायोत,
आधी प्रोफेसर, मग पंपांचा कारखाना,
मग एका मे महिन्यात म्हातारीला भेटायला आले,
तर तिच्या कूलरच्या टाकीत पाणी नाही.
ते भरायला थांबले, ते थांबलेच.
हिंगण्याला शेड टाकली. तिकडचा पासपोर्ट परत केला.
इकडचा कागद यायला सात उन्हाळे गेले.
आला त्या दिवशी पेढे नाही,
गल्लीभर गरम पाव वाटले.

संध्याकाळी आमच्या कॉलेजात शिकवायचे, बिनपगारी.
मी लॅबचा शिपाई.
माझ्या हातची मोजणी असली की वहीत खाली लिहायचे :
नोंद, देवाजी खोब्रागडे.
तीस वर्षांच्या नोकरीत
माझं नाव हजेरीपटाबाहेर तेवढंच कुठे आलं.

चिन्ह मागितलं नळ, मिळाली किटली.
झालं. जाऊ तिथे पोट्टे ओरडणार,
काहून जी, चहा कुठाय?
सरांचं भाषण म्हणजे काचेची एक वाकडी नळी.
इकडून फुंकायचे, तिकडे पाणी चढायचं.
म्हणायचे, वर जे चढतं ते तुमच्या फुंकरीनं.
बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.
एकदा मागून कोणी ओरडलं, परत जा इराणला!
सर थांबले. नळी खाली ठेवली.
सदरला जन्मलो बाप्पा, म्हणाले,
परत जायचं तर तीन किलोमीटर पडते.

मतदानाच्या आदल्या रात्री
एक जण घरी आला. बसला. पाणी प्यायला.
माझा पोरगा पाणीपुरवठ्यात, कंत्राटी.
धमकी वगैरे काही नाही.
उठताना चप्पल शोधत इतकंच बोलला,
काका, आता बूथवार कळते सारं.

अनामत जप्त झाली.
सर शेडमध्ये निकालाची पत्रकं पसरून बसले,
चष्मा कपाळावर, हातात लाल पेन्सिल.
एकेका आकड्याशी बोलत होते,
अरे, इथे सतरा? हे सतरा कोण बरं?
असे खुशीत, जसे पाहुणे मोजतायत.
आमच्या बूथवर पेन्सिल थांबली.

नऊ.

आम्ही दहाही तिथेच.
कोणी म्हणालं मशीनच खराब होती.
कोणी सुखदेवकडे पाहिलं, तर तो रडकुंडीला आला,
आईची आन, किटलीच दाबली.
मी काचेची नळी पुसत होतो.
ती केव्हाच पुसून झाली होती.

सर म्हणाले, मोजणीत एवढी चूक धरावीच लागते.
वही ओढली, तारीख टाकली, आकडा लिहिला
आणि खाली
नोंद, देवाजी खोब्रागडे.
सवयीनं असेल.

पुलाच्या कठड्यावर रंगवलेली किटली
अजून कोणी पुसली नाही.
तोटीपाशी पोपडा धरलाय.
रोज तिथून जातो मी, नाकाला रुमाल लावून,
आणि नदी म्हणतो तिला.
आजूबाजूला कोणी नसलं की.