पिवळा आठवडा

फळ्यावर लिहिलं मी: या आठवड्याचा रंग पिवळा.
मंगळवारी पोरांनी आणलं घरातलं सगळं पिवळं.
लिंबू, वाटेतच फुटलेली हळदीची पुडी,
कुणाच्या आईची ओढणी,
जिनलच्या डब्यात सेव, तीही अर्धी खाल्लेली.

मोहित्यांचा कैवल्य उशिरा आला.
खिशातून काढून टेबलावर ठेवलं
हिरवंगार, टणक, देठाशी चीक सुकलेलं.
"हे पिवळंय?"
"होणारेय," म्हणाला. "थांबा ना."

जिनल म्हणाली, केरी छे.
कैवल्य म्हणाला, कैरी आहे.
दांडिया बाजारातल्या आमच्या बालवाडीत
ही भांडणं रोजचीच.
मी दोन्ही लिहिली, एकाखाली एक.
एकही अक्षर न येणारी तेरा डोकी
वरच्या मात्रा मोजत बसली.

मग तांदळाच्या डब्यात पुरली तिला.
बुधवारी झाकण उघडलं. गुरुवारी चारदा.
शुक्रवारी रांगेने हुंगली सगळ्यांनी,
ध्यानीने तर अंगाईही म्हटली.
हिरवीच.

शनिवार-रविवार शाळा बंद, पंखे बंद,
डब्यात ती एकटी.
रविवारी भात टाकताना
माझा हात उगाच थांबला.

सोमवारी लाल लिहायचा म्हणून खडू घेऊन गेले
तर दारातच वास.
कैवल्यने दोन्ही हातांनी उचलली,
तांदूळ झटकले,
जिनलकडे पाहिलं, बराच वेळ,
आणि म्हणाला,
"केरी."

फळ्यावरची एक मात्रा
मी ओल्या बोटाने पुसली.
लालचं उद्या बघू.