तांब्याला चिकटत नाही

पुढच्या दारात सात, मागच्यात पाच.
रुझार टिंकरनं बोट लावून मोजली,
पलीकडे न जाताच म्हणाला, म्हणजे चोवीस.
मी म्हटलं, नाही, त्या बाजूची पट्टी अजून आहे.
तो बघायला गेला
आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

सारमानसला फेरीबोटीत गाडी चढवली
त्या दिवशी ओहोटी होती.
कठड्याला दार घासलं,
क्रोमची पट्टी मधोमध उचकटून
बाहेर आली, काट्यासारखी.
वडिलांना आम्ही भाई म्हणायचो, गाडीला फियाट.
दोघांचंही खरं नाव फक्त कागदांवर.
पलीकडचा धक्का यायच्या आत भाईंनी
स्क्रूड्रायव्हरनं ती उपटून काढली,
क्लिपा खिशात टाकल्या, म्हणाले,
म्हापशात मिळते. शुक्रवारी आणतो.

अकरा वर्षांत शुक्रवार बरेच आले.

आईनं मेण भरलं.
ते उन्हात ओघळलं, त्यावर खाणीच्या ट्रकांची धूळ बसली,
दारावर बारा तांबड्या रेघा.
भावानं एम-सील, अंगठ्यानं दाबून;
दोन पावसाळे त्याचे ठसे दिसायचे,
मग खपली पडावी तसं एकेक गळलं.
मी एकदा फुलपाखराचं स्टिकर लावलं होतं,
त्याबद्दल बोलायला नको.
नीट काम केलं ते एका कुंभारणीनं:
चौथ्या भोकात ओली माती आणून, कड गुळगुळीत करून,
आत आपलं काहीतरी ठेवून
ती उडून गेली.
रुझारनं ते भोक सगळ्यात शेवटी खरवडलं.

दाराचं आतलं अस्तर निघालं.
आत काहीतरी सापडेल असं मला उगाच वाटत होतं.
गंज सापडला.
मग त्यानं खिशातून एक नाणं काढलं,
पोर्तुगीज वेळचं, तांब्याचं, आकडा झिजलेला,
आणि खांद्यापर्यंत हात दाराच्या पोटात घालून
ते भोकामागे धरलं.
"तांब्याक लागना," म्हणाला.
वेल्ड पत्र्याला धरतं, तांब्याला चिकटत नाही.
तांबं नुसतं मागे उभं राहतं,
वितळलेलं खाली सांडू देत नाही,
काम झालं की सुटतं.
एक ठिणगी. ओलं फडकं.
पुढचं भोक शेजारचं नाही, पार टोकाचं;
एका जागी तापला तर पत्रा रुसतो, त्याला लाटा येतात.

इथे मला भाईंची आठवण यायला हवी होती.
मी बिलाचा विचार करत होते.

घासलं, पुट्टीचा हात दिला, रंग मारला.
रंग जुळला नाही, दार उरलेल्या गाडीपेक्षा
दहा वर्षांनी लहान दिसतं.
बाहेरून काही कळत नाही,
पण आतल्या अंगाला, अस्तरामागे,
बारा जागी एकाच नाण्याचा
अर्धामुर्धा उलटा ठसा आहे,
तो वाचायला कोणी जाणार नाही.

निघताना मला दाराच्या तळाशी तीन फटी दिसल्या.
म्हटलं, एवढं केलंच आहे तर ह्याही बुजवा.
तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.
"तीं धांपूं नाका, बाय. ती उदकाची वाट."
काचेच्या कडेनं पाणी आत उतरतंच,
कुठल्या दारात उतरत नाही?
लोक नीटनेटकं दिसावं म्हणून ह्या बंद करतात,
दार वरून चकचकीत राहतं
आणि एक दिवस हातात येतं.
दुसऱ्या बाजूची पट्टी काढू का, त्यानं विचारलं.
मी राहू दे म्हटलं. तोही बरं म्हणाला,
जरा लवकरच.

आता रविवारी मी फियाट धुते.
पुसून होते, सुकते, बादल्या जागेवर जातात,
आणि तरी त्या दाराखालून
पायरीजवळच्या फरशीवर टप टप चालू असतं,
इतका वेळ, की घरातून
कोणी ना कोणी ओरडतं,
अगं, नळ बंद केलास ना.