सरकी

सात जण लागायचे तिला धरायला.
दोन्ही अंगांनी कासरा ताणून
उसाच्या फडाच्या कोपऱ्यात दाबायची,
आणि आठवा मी, हातात बारदान घेऊन उभा.
बारदान कशाला, ते कुणालाच माहीत नव्हतं.

रोज दुपारी तीनला हा तमाशा,
कारण चारला रंकाळ्यावर पोरं खोळंबलेली असत,
भेळेच्या गाड्यापासून वळणापर्यंत एक फेरी, पन्नास रुपये,
आणि घोडी बालिंग्याच्या माळावर
शेपटी उचलून, आमची हवा काढत,
मधेच थांबून गवताचा एक घास घेऊन
पुन्हा पळत.

आधीच्या मालकानं तिला चंदी दाखवून धरलेली.
पुढं बादली, पाठीमागं दावं.
तेव्हापासून बादली दिसली
की ती बादलीकडं बघत नाही,
दुसरा हात कुठाय ते बघते.

दस्तगीर नालबंद तिचा खूर मांडीवर घेऊन बोलला,
तोंडात चार खिळे, त्यामुळं अर्धं कळलं:
"तुमी कुठं धरताय तिला?
तीच धरतीया तुमास्नी. रोज. सात-सात जणांस्नी."

दुसऱ्या दिवशी एकटा गेलो.
मोहरकी खांद्यावर टाकलेली, उघडी,
लांबून दिसावी अशी.
तिला दिसली. ती पळाली.
मी चालत राहिलो मागनं,
घाई नाही, रोख नाही,
परक्या लग्नात ओळखीचं कुणी नसलं
की माणूस मांडवात फिरतो तसा.
बऱ्याच वेळानं ती थांबली,
एक कान माझ्याकडं वळला,
आणि तेवढ्यात मी पाठ फिरवून निघून आलो.

तेच तिचं बक्षीस. माझं जाणं.
असलं बक्षीस मी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

नवव्या दिवशी मानेला हात लागला.
तिनं मान काढायच्या आत हात काढून घ्यायचा,
एवढंच काम, आणि तेच जमेना.
बोटं आपोआप आयाळीत वळायची.
मुठीला सवय असते,
ती विचारत नाही.

मग मोहरकी घालायची, खरारा करायचा,
गुळाचा खडा शेवटी, आधी नाही,
आणि मोहरकी काढून सोडून द्यायचं.
घालायची, सोडायचं.
रंकाळ्यावर मेव्हण्याचा म्हातारा घोडा उसना चालवला,
निम्मे पैसे त्याचे.
शेवंता म्हणाली, "धरलेली घोडी सोडून येतोस?
उद्या ढेप फोडून परत रस करशील."
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नाही.

मार्गशीर्षातली सकाळ. धुकं असं
की माळ बांधापाशीच संपलेला.
पलीकडं गुऱ्हाळ पेटलेलं, काहिलीचा वास,
मी दगडावर बसून कांडं सोलत होतो,
मोहरकी मांडीवर, मन भलतीकडंच,
हप्ता, नाल, पोरीची फी.
मानेवर गरम श्वास आला.
वळलो नाही. वळायचं नसतं.
तिनं आधी सालपटं हुंगली, मग माझा गुडघा,
मग मी दोन्ही हातांनी उघडी धरलेली मोहरकी,
आणि तोंड आत घातलं,
बाई बांगड्या भरायला हात पुढं करते तसं,
जरा तोऱ्यात.
बक्कल लावताना बोटं थरथरली, माझी.

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर
खोगिरावरच्या एका पोरानं विचारलं,
"काका, ही पळून जात नाही व्हय?"
म्हटलं, "जाती की."

काल आली नाही.
बांधापर्यंत आली, मोहरकी बघितली,
आणि ओढ्याकडं निघून गेली, चालत.
आज पुन्हा बसलोय.
चार वाजून गेलेत.
कांडं अर्धं शिल्लक आहे.