सपरिवार

सहल कसली, सिडकोच्या शाळेतून चालत,
हायवे ओलांडून डोंगर चढलो होतो सातवीत.
डब्यातली पोळी-चटणी संपल्यावर
पांडवलेण्यातल्या एका लहानशा लेण्याच्या थंड भिंतीवर
मी कर्कटकाने स्वतःला कोरायला घेतलं.
'कौ' झाला, दोन्ही मात्रांसकट.
'ति'ची वेलांटी वळवतोय तोच
मागून मनगट धरलं गेलं.

पुंजाराम गांगुर्डे, चौकीदार.
खाकी शर्ट, तोंडात बडीशेप,
एका डोळ्यात मोतीबिंदू.
मारलं नाही त्यांनी.
कॉलर धरून ओसरीत आणलं, वर बोट केलं.
"वाच."
मला कुठलं वाचता येतंय!
काड्या-मोळ्या टाकल्यासारखी अक्षरं.
मग त्यांनीच वाचलं, चौथी पास माणसानं,
ठसे घ्यायला येणाऱ्या साहेबांकडून पाठ केलेलं :
दासकस मुगुदासस सपरिवारस लेण देयधम.

"मुगुदास. कोळी होता. मासे धरायचा.
त्यानं ही खोली दिली भिक्खूंना,
घरच्या समद्यांसकट दिली. म्हणून नाव.
तुला बी लिहायचंय? लिही की.
आधी एक खोली दे."

पुढे बोटीवर वायरमन झालो.
बंदराला लागलो की बाकीचे बाजारात जात,
मी जुन्या भिंती शोधत हिंडायचो.
इस्तंबूलच्या त्या प्रचंड घुमटाखाली, वरच्या सज्जात,
उत्तरेकडच्या कुणा शिपायानं संगमरवरात सुरीनं
नाव खरवडलंय. प्रार्थना बहुतेक लांबली असणार.
इजिप्तमध्ये राजांच्या थडग्यांत ग्रीक प्रवासी लिहून गेलेत,
आम्ही पाहिलं, थक्क झालो.
अंकोरच्या खांबावर एका जपानी यात्रेकरूची शाई :
त्याला वाटलं, आपण बुद्धाच्या जेतवनातच पोचलो.
शेकडो कोस चुकला बिचारा,
आणि हात जोडून, समाधानानं घरी गेला.
गाईड सांगत, हे फार महत्त्वाचं स्थळ आहे.
मी मान हलवायचो आणि
उजवं मनगट चोळायचो.

यंदा तीस वर्षांनी पायऱ्या चढलो.
तिकीट आता मोबाईलवर स्कॅन होतं.
गांगुर्ड्यांना ओळखणारं कुणी नव्हतं.
माझा 'कौ' मात्र होता.
कुणीतरी तो पुरा केला होता :
कौस्तुभ + प्राजक्ता, भोवती बदाम.
म्हणजे गुन्हा आता त्याच्या नावावर.
सुटल्यासारखं वाटलं, आणि खरं सांगतो,
थोडा रागही आला.

ओसरीत बसलो.
खिशात भाचीच्या लग्नाची पत्रिका होती,
'सहकुटुंब सहपरिवार' वगैरे.
दोन हजार वर्षं चालत आलाय हा शब्द,
वाटेत कुठे ठेचकाळला नाही.
आणि 'लेण' तर तसंच,
आपण फक्त वर एक टिंब दिलं.

पण सपरिवार म्हणजे कोण कोण?
पाट्या डोक्यावर घेऊन गोवर्धनाच्या बाजारात
ती बसत असेल ना, तिचं नाव काय?
किती पाट्या वाम, किती पाट्या मरळ
म्हणजे एक खोली?
आणि मुंगीलाही न दुखावणाऱ्या त्या भिक्खूंनी
माशांचा वास येणारे ते पैसे
हातात घेताना क्षणभर थांबून पाहिलं असेल,
की नुसतंच म्हणाले असतील, ये, बस, पाणी पी?
भिंतीवर हे काही नाही.
भिंतीवर एकच ओळ आहे,
माझ्या वितीहून फार मोठी नाही.

खालून शाळेची पोरं चढतायत.
पायऱ्यांवर त्यांच्या आधी
एक कंपासपेटी खुळखुळत वर येते.
मी खांबाच्या सावलीला सरकून बसतो,
आणि उगाचच खिशात
बडीशेप चाचपतो.