पासंग

हेरंब म्हणतो, हा पिझ्झा
नेपल्सच्या पासंगालाही पुरणार नाही.
म्हणतो, आणि तिसरा तुकडा उचलतो.

गुरुवार. मनामा. अदलियाची गल्ली.
आठ वाजले तरी छत्तीस अंश,
हवा इतकी ओली की चष्मा पुसावा
तर रुमालच दमट.
आत एसी असा की शाल आणायला हवी होती.
समोर दोन ग्लास: त्याचा काळा, माझा गढूळ पिवळा,
गव्हाचा, धणे घालून उकळलेला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले होते,
धणे? मग जरा कोकमही टाका, आमटीच होऊ दे.

हेरंब जहाजं तपासतो.
बंदरांची वही त्याच्या डोक्यात आहे,
आणि ती तो न विचारता उघडतो.
रॉटरडॅमची बिअर झकास, पाव मात्र वीट.
शिकागोचा पिझ्झा म्हणजे चीज साचलेली विहीर.
मोंबासात मासा खावा, बाकी विचारू नये.
बुसानला एकदा पिझ्झ्यावर रताळं आलं,
उपासाचा पिझ्झा!
इथे तो थांबतो. दर वेळी थांबतो.
एकवीस आठवडे मी त्या रताळ्याला हसते आहे.

माझं काम काट्यांचं. हिद्दच्या गोदीत
वजनकाटे, दाबमापकं, थर्मामीटर.
कोण किती खोटं बोलतं ते शोधायचं
आणि दाखल्यावर लिहायचं, एवढं खोटं चालेल.
म्हणून पासंग हा शब्द माझ्या कानात अडकतो.
बार्शीच्या अडतीत वडील
हलक्या पारड्याला चिंचेचा गोळा लावत,
अंगठ्याने दाबून, कुणी बघत असेल तर बघू दे.
मालात नाही, मापात नाही,
काट्याची खोड झाकण्यापुरता तो गोळा.
त्यालाही पुरायचं नाही म्हणजे, हेरंब,
केवढं बोललास तू
साध्या पिठाला.

भट्टीपाशी शेनूदा. अलेक्झांड्रियाचा.
हिंदी येते ती गल्फपुरती, मराठी नाहीच,
पण ‘नेपल्स’ त्याला कळलं असावं.
पुढचा पिझ्झा न मागता आला:
टोमॅटो नाही, चीज नाही,
झातर, काळ्या लिंबाचा चुरा, शेरी माशाचे तुकडे,
कड जळकी, फुगे आलेले,
बोटाला चटका बसला तरी सोडवेना.
“ये किधर का है?”
शेनूदाने कोपराने भट्टी दाखवली.
“इधर का.”

तेवढ्यात बोझेना वर आली, ओल्या बुटांनी,
जिन्याखालच्या पिंपांची मालकीण.
तिचं रडगाणं एकच, पाणी.
समुद्राचं, मीठ काढून टाकलेलं,
असल्या पाण्याला गावच नसतं, म्हणते.
मग ती चिमटीने गाव घालते.
एवढे क्षार टाकले की पिल्सेन,
एवढे टाकले की डब्लिन.
हेरंबच्या ग्लासात डब्लिन होतं.
तो खूश झाला, आत्ता जुळलं म्हणाला.

माझ्यात कुठलं, मी विचारलं.

ती टेबलाच्या कडेला टेकली.
इथे पूर्वी पाणबुडे कातडी पखाल घेऊन
समुद्राच्या तळाशी उतरत,
खाऱ्याच्या पोटात गोडे झरे होते,
भरून आणत.
आता ते आटलेत. चव सांगेल असा
एक म्हातारा भेटला मुहर्रकला,
तो म्हणाला, जरा गंजासारखं, पण गोड.
तेवढ्यावरून केलंय.
अंदाज आहे.

मी पुन्हा एक घोट घेतला, हळू.
धणे. गहू. मागे काहीतरी खिळ्यासारखं.
दाखला द्यायला माझ्याकडे प्रमाण नव्हतं,
काटा कशाशी ताडून बघायचा?

हेरंब गप्प होता. पुढच्या महिन्यात
त्याची बदली ग्दान्स्कला.
तिथे कुणी पहिला पिझ्झा पुढे ठेवला
की तो काय म्हणेल, मला ठाऊक आहे,
त्यालाही ठाऊक असावं,
कारण तो एकदम म्हणाला,
रताळं वाईट नव्हतं गं, खरं सांगायचं तर.

शेवटचा तुकडा राहिला होता.
तो घे म्हणाला, मी घे म्हणाले.
मग मीच घेतला.